इंदापुरातली रिकामी जागा

‘संगणक चुकत नाही’ हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं की आजही कुणी ते म्हणालं की माझं डोकं फिरतं. घरची मंडळी मला डिवचायला ते मुद्दाम म्हणतात आणि हसतात. हसू देत. संगणक चुकत नाही हे खरंच आहे, तो बिचारा सांगाल ते लिहून घेतो. चुकतो तो सांगणारा. आणि चूक दाखवून दिल्यावरही जो ती पुसत नाही, त्याला काय म्हणायचं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

मी अनुरेखक होते. दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईनं जसाच्या तसा उतरवायचा, हे माझं काम. पदरची एक रेघ जास्त नाही, एक कमी नाही. बारामतीत माहेर, बारामतीतच सासर आणि बोटांना कायम काळी शाई. लग्नात मेंदी लावली तेव्हा मावशी म्हणाली होती, आधी हे धू, मग ती लावू. हात मात्र पक्का होता. माझ्या रेघेत चूक निघाली असं माझे वैरीही म्हणणार नाहीत, आणि मी वैरी बरेच जमवले.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत पुण्याच्या एका संस्थेनं बारामतीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि नकाशाचा हात असलेली माणसं शोधायला सुरुवात केली. संस्थेचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून हयात आहेत आणि लग्नकार्यात भेटतात. काम नवलाचं होतं. बारामती आणि इंदापूर ही दोन्ही गावं वाढत चालली होती, वीज पुरत नव्हती. तेव्हा शहराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी किती ऊर्जा शहरातच मिळेल ते शोधायचं. कुठल्या गच्चीवर ऊन पडतं आणि सौर बंब बसेल, गोठ्यांचं शेण आणि बाजारचा कुजका भाजीपाला कुठं साठतो, त्यावर गोबरगॅसचा मोठा प्रकल्प कुठं उभा राहील, त्या गॅसवर पाण्याचे पंप चालतील का. हे सगळं संगणकातल्या नकाशावरून ठरवायचं. भौगोलिक माहिती प्रणाली असं त्याचं भारदस्त नाव. आम्ही जीआयएस म्हणायचो, आणि माझ्या सासूबाई ‘तुझं ते गॅसचं हापिस’ म्हणायच्या.

ज्यांनी ते काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. डिजिटायझर नावाचं एक मोठं टेबल असायचं. त्यावर गावठाणाचा कागदी नकाशा चिकटवायचा. हातात भिंगाची एक डबी, भिंगात फुली. ती फुली प्रत्येक घराच्या प्रत्येक कोपऱ्यावर नेऊन बटण दाबायचं, की तो कोपरा संगणकात उतरला. घरांचा एक थर, रस्त्यांचा दुसरा, पाण्याचा तिसरा. आम्ही पूर्वी पारदर्शक कागद एकावर एक ठेवून खालून दिवा लावायचो, तसंच हे, फक्त थर कितीही ठेवता यायचे. मग प्रत्येक तुकड्याला माहिती जोडायची: घर की दुकान, गच्ची की पत्रा, गोठ्यात जनावरं किती. ही माहिती काही आभाळातून पडत नव्हती. ती दारोदार फिरून आणावी लागायची आणि फिरायला माझ्यासारख्यांना पाठवत. आणि हो, वाचवून ठेवायच्या आत वीज गेली की दिवसभराची मेहनत गायब. विजेच्या टंचाईवर उपाय शोधणारं आमचं ऑफिस टंचाईच्या वेळी पत्ते खेळत बसायचं.

माणसं माहिती कशी देतात, ते बारामतीच्या एका किराणा दुकानदारानं मला शिकवलं. त्याची गच्ची मोजायची होती. मी टेप घेऊन उभी राहिल्यावर त्याला वाटलं घरपट्टी वाढवायला आली.

‘‘गच्चीला जिनाच न्हाय, बाई,’’ तो म्हणाला.

‘‘मग वर कसं जाता?’’

‘‘जातोय कशाला? वर काय हाय?’’

तेवढ्यात मागच्या दारानं त्याची बायको डोक्यावर वाळलेल्या कुरडयांचं सूप घेऊन उतरताना दिसली. तो तिच्याकडं बघेना, मी त्याच्याकडं बघितलं, आणि शेवटी त्यानंच चहा मागवला. त्या गच्चीवर पुढं सौर बंब बसला आणि तो सगळ्या पेठेला स्वतःच दाखवत सुटला. मी ही गोष्ट ऑफिसात फार रंगवून सांगायचे. लोक खोटं सांगतात, आपण डोळ्यांनी बघून लिहायचं, असा मला त्यातून मोठा धडा मिळाला होता. इंदापुरात मी डोळ्यांनी बघूनच लिहिलं.

संक्रांत नुकतीच झाली होती. इंदापूरच्या कडेला, वस्ती संपते तिथं एक मुरमाड उंचवटा आहे, सरकारी पड. उतारावर रचीव दगडांच्या बुटक्या भिंतींचे सात-आठ चौकोन उभे होते, छपरं नव्हती. आत उसाचं पाचट आणि वासे रचून ठेवलेले, दारांच्या जागी बाभळीच्या फांद्या लावलेल्या. पलीकडं जनावरं कोंडायचे दगडांचेच गोल वाडगे, तेही मोकळे. माणूस नाही, कुत्रं नाही. दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला चालला होता, त्याला थांबवून विचारलं.

‘‘हितं आता कोन न्हाय, बाई,’’ तो म्हणाला आणि पायंडल मारून निघून गेला.

माझ्या तक्त्यात पर्याय होते: घर, दुकान, गोठा, शेती, पडकं, रिकामी. मी भिंतींना ‘पडकं’ लिहिलं आणि सगळ्या तुकड्याला ‘रिकामी’. जीप उन्हात उभी होती, अजून अर्धं इंदापूर बाकी होतं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

महिन्याभरानं गोबरगॅसची जागा निवडायचा दिवस आला. प्रकल्पाचे साहेब पुण्याहून आले. माणूस हुशार, शिकलेला, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी अटी घातल्या. जागा सरकारी हवी, बाजारापासून फार लांब नको, राहत्या घरांच्या अगदी जवळ नको, शेतीखालची नको, रस्त्याला लागून हवी. अटीगणिक एकेक थर चढत गेला आणि अख्ख्या इंदापुरात एकच तुकडा हिरवा उरला. माझा रिकामा उंचवटा. साहेबांनी टाळी वाजवली. ‘‘बघा, हे आधी बैठका घेऊन घेऊन ठरवायला वर्ष लागलं असतं!’’ आम्हीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला होता. प्लॉटरवर तो नकाशा चार रंगांत काढायला दिवस गेला. एक प्रत चौकट करून साहेबांच्या खुर्चीमागं लावली.

हरकती मागवणारी नोटीस रीतसर निघाली. एक प्रत जागेवर डकवली, म्हणजे त्या बिनछपराच्या भिंतीला. मुदतीत एकही हरकत आली नाही. कशी येईल? पण कागदावर लिहिलं गेलं: ‘कोणाचीही हरकत नाही.’

जूनच्या सुरुवातीला पाया खोदायला घेतला आणि मला मापं घ्यायला पाठवलं. जीपमधून उतरले तर रस्ताभर मेंढरं. नुसती उभी. घोड्यावर बिऱ्हाड बांधलेलं, ते सोडलेलं नाही. पुढं एक तिशीची बाई कडेवर कोकरू घेऊन खड्ड्याकडं बघत होती. तिचं नाव कोंडाबाई. तिच्या शेजारी तिचे सासरे, म्हाकूआबा, साठीच्या पुढचे, घोंगडं खांद्यावर, काठी टेकून.

‘‘ताई, ह्यो खड्डा कुनी काढला?’’ कोंडाबाईनं विचारलं.

‘‘इथं गॅसचा प्रकल्प होणार आहे.’’

‘‘हितं? आन आमी?’’

आबा वेगळंच काहीतरी शोधत होते. ‘‘घराचं दगुड कुठं गेलं?’’ त्यांनी ठेकेदाराच्या मुकादमाला विचारलं. मुकादमानं हनुवटीनं खड्ड्याकडं दाखवलं. पायात आयती दगडांची भर मिळाली म्हणून त्यानं भिंती फोडून आत घातल्या होत्या. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, नकाशात त्या पडक्या होत्या.

आठ घरं होती ती, मेंढपाळांची. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, उन्हाळा संपता संपता परत यायचं. जाताना छपर उतरवून ठेवायचं, नाहीतर वाऱ्यानं उडतं. मागं राहणारी म्हातारी माणसं त्या दिवसांत पाण्यासाठी अंथुर्ण्याला नाहीतर सुप्याला लेकीबाळींकडं जाऊन राहत. अशी कित्येक पिढ्यांची वहिवाट. उताऱ्यावर मात्र नाव सरकारचं.

‘‘दुसरी जागा मिळेल आबा,’’ मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले.

‘‘जागा लई हाय, बाई. पर मेंढराला पावसात मुरूम लागतो. खाली समदं काळं रान. तितं आठ दिस हुबी ऱ्हायली की खूर कुजत्यात. चालना झालं की मेंढरू गेलंच म्हना.’’

आठ घरांचं सगळं जगणं त्या उंचवट्यावर होतं. चार महिने पाय कोरडे राहिले तर कळप टिकणार, नाहीतर नाही, इतकं ते साधं होतं. मी म्हणाले, ‘‘आबा, ही जागा रिकामी आहे असं मीच लिहिलंय.’’

‘‘तुमी? कवा आल्तासा?’’

‘‘संक्रांतीच्या सुमाराला.’’

आबा जरा विचार करून म्हणाले, ‘‘मंग बराबर लिवलं. तवा आमी खाली कोकणात असतो. हितं कोन असनार?’’

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. कोकरू खाली ठेवून कोंडाबाई घोड्यावरचं बिऱ्हाड सोडायला लागली, तिथं रस्त्यातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या मी संगणकात तो तुकडा दुरुस्त केला. ‘रिकामी’ खोडून ‘राहती घरं, मेंढवाडे’ लिहिलं आणि साहेबांच्याच अटी पुन्हा लावल्या. अर्ध्या तासाचं काम. उंचवटा हिरव्याचा पांढरा झाला. मग रस्त्याची अट थोडी सैल केली, तर गावचा कचरा टाकतात त्याच्या अंगाची एक जागा पुढं आली. तिथून फक्त नळ जास्त टाकावा लागला असता. शिवाय एक गोष्ट ध्यानात आली आणि मला रडावं की हसावं कळेना. शेणाची मोजणी करताना आम्ही गावातली एकूणएक म्हैस मोजली होती. ही शेकड्यांनी मेंढरं मात्र कुठंच नव्हती. ज्या कळपाला लेंड्यांच्या खतापायी आपल्या रानात बसवण्यासाठी बागायतदार हातापाया पडतात, त्या कळपाला हुसकावून आम्ही शेणावर चालणारा प्रकल्प बांधत होतो!

साहेब आले तेव्हा मी काळ्या शाईत काढलेला नवा नकाशा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो शांतपणे बघितला. मला वाटलं, झालं, कळलं त्यांना.

‘‘बाई, अहवाल वर गेलाय. मंजूर झालाय. पाया निघालाय.’’

‘‘पण जागा रिकामी नाही, साहेब.’’

‘‘सर्व्हेच्या दिवशी होती ना? मग आपला डेटा बरोबर आहे. संगणक चुकत नाही.’’

‘‘संगणक नाही, मी चुकले.’’

‘‘तुम्ही डिजिटायझर चालवता. नियोजन आम्ही करतो.’’ आणि त्यांनी माझा नकाशा घडी घालून मलाच परत दिला.

संताप येतो तो याचा. त्यांना समजत नव्हतं असं नाही. समजून उमजून, अर्ध्या तासात सुधारता येणारी चूक त्यांनी आठ घरांच्या अंगावर ढकलली, कारण चौकटीतला नकाशा चार रंगांत छापून झाला होता. दगडावर कोरलेला नकाशाही फोडून पुन्हा कोरतात. आमचा तर संगणकात होता, पुसता यावा म्हणूनच संगणकात ठेवलेला! त्या यंत्राचा सगळा गुण तोच, आणि तोच आम्हाला नको होता.

मग मी कधी न केलेली गोष्ट केली. नोंद माझी आहे आणि ती चुकीची आहे असं निवेदन लिहून सही केली, नवा नकाशा जोडला आणि जागेसाठी आबांनी केलेल्या अर्जासोबत ते कचेरीत दिलं. आठवड्याभरात सुनावणी लागली. आबा धुतलेलं धोतर नेसून आले होते. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी माझं निवेदन एका बाजूला सरकवलं आणि आबांनाच विचारलं.

‘‘सर्वेक्षण झालं तेव्हा तुम्ही जागेवर होता?’’

‘‘न्हवतो, सायेब.’’

‘‘नोटीस लागली तेव्हा?’’

‘‘न्हवतो. कळपामागं हुतो.’’

‘‘मग जागा तुमच्या ताब्यात होती असं कसं म्हणता?’’

आबांनी साहेबांच्या खुर्चीकडं बघितलं. ‘‘सायेब, तुमी सांजच्याला घरी जाता. मंग रातच्याला ही खुर्ची कुनाची असती?’’

खोलीतला कारकून हसला. साहेब हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. मला वाटलं, लागलं कुठंतरी. आठ दिवसांनी निकालाची प्रत हातात आली. त्यात आबांच्या खुर्चीचा उल्लेख नव्हता. लिहिलं होतं: ‘अर्जदार सदर काळात जागेवर नव्हते ही बाब त्यांनी स्वतः मान्य केली आहे. मुदतीत हरकत नाही. अर्ज फेटाळण्यात येत आहे.’ पर्यायी जागा म्हणून कालव्याखालचं काळं रान दाखवलं होतं. मी ती प्रत ऑफिसात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. कुणी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवसापासून मला डिजिटायझरवरून उठवून फायलींना लेबलं चिकटवायला बसवलं. ती लेबलंही मी सरळ चिकटवली.

त्या साली पाऊस चांगला झाला. सगळे खूश होते. मी एकटीच रोज संध्याकाळी आभाळाकडं बघून चरफडायचे. गॅसचा प्रकल्प झाला, फीत कापली, दोन उन्हाळे पंप चालले. पुढं बाजारचा कचरा वेळेवर येईना, घुमटाला गळती लागली आणि कुलूप पडलं. त्याच्यावर कुठं निवेदन, सुनावणी झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

नोकरीतली पुढची वर्षं धड गेली. निवृत्त झाले. समारंभात मला शाल देताना एकानं ‘बाईंनी एका चुकीची जबाबदारी जाहीरपणे घेतली’ असं भाषण केलं. मलाही ते बरं वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःलाही तीच गोष्ट सांगत आले होते: चूक माझी, पण मी ती कबूल केली, भांडले, ते हाणून पाडलं साहेबांनी.

मागच्या वर्षी गुडघ्याच्या दुखण्यासाठी बारामतीतल्या एका दवाखान्यात गेले. पट्टा बांधायला आलेली बाई माझ्याकडं टक लावून बघायला लागली.

‘‘ताई, तुमी त्या नकाशावाल्या न्हवं?’’

कोंडाबाई. केस पांढरे, अंगावर दवाखान्याची साडी. मी आबांची चौकशी केली. आबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. कळप त्याच दिवाळीला विकला. निम्म्या मेंढरांचे खूर गेले होते, घाट उतरण्यासारखी उरलीच नव्हती. तिचा नवरा आता कारखान्याचा ऊस ओढतो, ट्रॅक्टरवर. बरं चाललंय म्हणाली. सगळं सांगताना तिचे हात पट्टा बांधत होते.

‘‘आबा मरंपत्तूर म्हनायचं, त्या बाईला बोल लावू नगा. ती आपल्यासाटनं सायबाशी भांडली.’’

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला नाही, पण पट्टाही सोडला नाही.

‘‘मी लावती बोल,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी बारामतीच्याच न्हवं? आमचं कळप तुमच्याच रस्त्यानं जायचं. घोड्यावर कोंबड्या बघून तुमची पोरं वरडत मागं यायची. पुन्याचा सायेब न्हवता जानत. तुमास्नी ठावं न्हवतं?’’

त्या मागं ओरडत धावणाऱ्या पोरांत मी होते. दर दिवाळीनंतर, लग्न होईस्तोवर. संक्रांतीला त्या भिंतींपुढं उभी असतानाही मला ते ठाऊक होतं. पाचट नीट रचलेलं दिसलं होतं, काटे बाहेरच्या अंगानं लावलेले दिसले होते. तक्त्यात पर्याय नव्हता आणि जीप उन्हात थांबली होती, एवढंच.

सुनावणीला दिलेल्या त्या निवेदनात, ज्याचं मी इतकी वर्षं कौतुक करून घेतलं, ‘सदर नोंद स्थानिक माहितीअभावी झाली’ असं मी लिहिलं होतं.

‘‘ठाऊक होतं,’’ मी कोंडाबाईला सांगितलं. तिनं मान हलवली, पट्टा घट्ट केला आणि पुढच्या खाटेकडं गेली.